बाबांच्या तळ्यातलं आकाश

तळं भिंतीवरून उतरवायचं कुणी, यावरून सकाळीच घरात दोन तट पडले.

दादाचं म्हणणं, चित्र बाबांचं, थोरला मी, तेव्हा पहिला हात माझाच लागला पाहिजे. वहिनीचं म्हणणं, हात लावा खुशाल, पण पाठीचं काय? मागे पडद्याचा दांडा काढायला चढलात आणि मग कण्हत पडलात ते मलाच निस्तरावं लागलं. धाकट्याचं म्हणणं, फ्रेम मी केलेली, ती कुठं धरली की निघते आणि कुठं धरली की निखळते ते मलाच ठाऊक. हे म्हणता म्हणता तो शिडीवर चढलासुद्धा. दादा खाली उभा राहून "सावकाश, सावकाश" म्हणत राहिला, आणि अशा रीतीने दोघांचाही मान राहिला.

मधली बहीण या भानगडीत पडली नाही. ती आत, बाबांच्या कामाच्या खोलीत, किटलीशी झुंजत बसली होती.

खरं तर आजच्या दिवशी तिनंही बाहेर असायला हवं होतं. दुपारी संग्रहालयाच्या बाई यायच्या होत्या. नव्या दालनात, थेट दारासमोरच्या भिंतीवर, बाबांचं एक चित्र कायमचं लागणार होतं. बाबांनी उभ्या आयुष्यात इतकी चित्रं केली, पण कोणतं द्यायचं यावर घरात चर्चा झालीच नाही. 'तळं' म्हणजे त्यांचं शेवटचं चित्र. ते ईझलवर असतानाच बाबा आजारी पडले आणि पुन्हा त्या खोलीत आले नाहीत. पुढे मुलांनी ते, जसं होतं तसं, रंगाचा एक ठिपकाही न लावता फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं. चित्राशेजारच्या पाटीवर दादाचा मजकूर कोरला जाणार होता. दादा आर्ट स्कूलमध्ये निसर्गचित्र शिकवून निवृत्त झालेला. या एका चित्रावर तो तासभर बोलू शकत असे, आणि पाहुणा बेसावध असला तर बोलतही असे.

मधलीवर कुणी मजकूर लिहायची वेळ आली नव्हती. ती स्थिरचित्रं करायची. बाबांच्या घरात निसर्गचित्र म्हणजे चित्र, आणि स्थिरचित्र म्हणजे बाहेर पडता येत नाही त्या दिवशी करायचा सराव. दादा तिच्या कामाला 'भांडी-कांदे खातं' म्हणायचा. प्रेमानंच म्हणायचा, पण म्हणायचा. तिची लग्नात दिलेली, वाढदिवसाला दिलेली चित्रं नातेवाइकांच्या स्वयंपाकघरात लागलेली होती. "तिथं शोभतं ग," असं सगळ्यांचं मत. तिनं त्यावर कधी वाद घातला नाही. वाद घालायला आधी आपलं बरोबर आहे असं वाटावं लागतं, आणि तिला ते फक्त ब्रश हातात असताना वाटायचं.

आजची किटली मात्र वस्ताद होती. काळ्या, घासूनपुसून आरशासारख्या केलेल्या टेबलावर तिनं ती ठेवली होती, शेजारी दोन कांदे आणि चुरगळलेला पांढरा रुमाल. कांदे पहिल्या तासात जमले होते. त्यांची साल पातळ, म्हणून खाली गरम तपकिरी रंग देऊन वर नुसता ओला गुलाबी पुसायचा, आणि उजेडाकडची कड अशी विरघळवायची की कांदा कुठं संपला आणि हवा कुठं सुरू झाली ते कळू नये. सगळ्या कडा धारदार केल्या की वस्तू कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी दिसते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बिघडवून बिघडवून कळलं होतं.

अडलं होतं ते प्रतिबिंब. टेबलातली किटली काही केल्या टेबलात बसेना, वर तरंगायची. तिनं पुन्हा डोळे बारीक करून पाहिलं आणि स्वतःवरच चिडली. वरच्या किटलीचं झाकण दिसत होतं, कारण ती वरून पाहत होती. पण टेबलातल्या किटलीचं झाकण जवळपास दिसतच नव्हतं. दिसत होतं ते चोचीचं पोट, खालची बाजू, जी खऱ्या किटलीत तिला बसल्या जागेवरून दिसणं शक्यच नव्हतं. प्रतिबिंब म्हणजे वस्तूची उलटी नक्कल नव्हे. टेबलाच्या खाली बसून कुणीतरी वर पाहत असावं, त्याला दिसेल ती किटली. शिवाय उजळ भाग तिथं थोडे मळतात आणि काळे भाग थोडे फिके होतात, सगळंच जरा मवाळ होतं.

तिनं चोचीचं पोट दोन फटकाऱ्यांत घातलं. किटली टेबलात गपकन बसली.

"अगं बाई!" ती एकटीच म्हणाली.

तेवढ्यात दार ढकलत धाकटा आत आला. दोन्ही हातांत तळं.

"ताई, जरा सरक. बाहेर दादा धूळ पुसू देत नाही, भाषणच देतोय. इथं उजेडात पुसतो." त्यानं चित्र टेबलाशेजारीच भिंतीला टेकवून ठेवलं आणि फडकं शोधायला गेला.

मधलीनं सहज पाहिलं. हे चित्र तिनं रोज पाहिलं होतं, म्हणजे खरं तर कधीच पाहिलं नव्हतं. वर धुकट काठ, त्यावर खोपटं, दोन झाडं. त्यांच्यावर आडव्या ढगांच्या रेघांनी भरलेलं जडशीळ आकाश. खाली काचेसारखं नितळ पाणी आणि त्यात खोपट्याचं, झाडांचं प्रतिबिंब. भिंतीवर ते उंच होतं. आज पहिल्यांदाच ते तिच्या गुडघ्याच्या उंचीवर, किटलीच्या शेजारी उभं होतं.

खोपट्याच्या छपराची वळचण आतून दिसत होती. एकच गडद, ओला फटकारा, छपराच्या खालून.

तिनं किटलीकडे पाहिलं. मग पुन्हा खोपट्याकडे. मग खाली, पाण्यातल्या खोपट्याकडे. तिथं छपराची वरची बाजू दिसत होती, चांगली उतरती, उन्हाचा कवडसा पडलेली.

ती आणखी पुढे सरकली. झाडं पाहिली. वरची झाडं मवाळ, खालची ठसठशीत. वरच्या झाडांतला काळा फिका, खालच्या झाडांतला काळा खणखणीत. आणि ते ढग? एवढे सरळ, एवढे आडवे, कोरड्या ब्रशनं ओल्या रंगावरून हलकेच ओढलेले ढग कुणी कधी पाहिलेत? ती तर झुळूक होती. पाण्यावरून गेलेली झुळूक.

"धाकट्या!" तिचा आवाज असा चढला की तो फडक्याशिवायच धावत आला.

"काय झालं? फुटलं?"

"फुटलं नाही. अरे, उलटं आहे!"

"काय उलटं?"

"तळं! आपण आकाश म्हणतोय ते पाणी आहे आणि पाणी म्हणतोय ते आकाश आहे. हे बघ, वळचण बघ. बाबा नेहमी उंचवट्यावर बसून रंगवायचे ना? मग त्यांना छपराच्या खालची बाजू कशी दिसेल? ती फक्त पाण्यात दिसते. ही किटली बघ आधी. चोच बघ!"

धाकट्यानं किटली पाहिली, चित्र पाहिलं, डोकं खाजवलं. "ताई, मला फ्रेमचं कळतं. आतलं काही विचारू नकोस."

"मग उलटं धरून बघ."

"दादा मला उलटा टांगेल. आत्ताच बजावलंय, आता चित्र कुणी हलवायचं नाही."

"चित्र नको हलवू. आपण हलू." आणि त्या वयात, गुडघे कुरकुरत असताना, ती चित्राकडे पाठ करून वाकली आणि स्वतःच्या पायांमधून मागं पाहायला लागली. लहानपणी दोघं असंच अंगण पाहायची. धाकट्यानं दाराकडे एक नजर टाकली आणि तोही वाकला.

"आईशप्पथ," धाकटा खालून म्हणाला.

नेमकी त्याच वेळी वहिनी कॉफीचे कप घेऊन आली. "अगंबाई! हे काय? वन्सं, भाऊजी! पाहुणे यायची वेळ झाली आणि तुम्ही दोघं काय हे..."

"वहिनी, तू पण वाक."

"मी नाही वाकायची. माझा चष्मा पडेल."

"वाक ना ग, एकदाच!"

वहिनी वाकली नाही, पण तिनं मान जमेल तेवढी तिरकी केली, मग आणखी केली, आणि कप बशीत खुळखुळायला लागले. "अय्या. हे तर हलकं झालं सगळं. म्हणजे मोकळं वाटतंय." मग तिचा चेहरा पडला. "ह्यांना सांगू नका. आज नका सांगू. वन्सं, हात जोडते. त्यांनी पाटीचा मजकूर दहादा वाचून दाखवलाय मला. झोपेतसुद्धा 'जड आकाश, जड आकाश' म्हणतात."

"आज नाही सांगितलं तर उद्या ते कायमचं लागेल," मधली म्हणाली. "उलटं. दारासमोर."

"कुणाला कळणार आहे? एवढी वर्षं आपल्याला तरी कुठं कळलं?"

"मला आता कळलंय ना."

हे वाक्य आपण म्हटलं याचं तिचं तिलाच नवल वाटलं. धाकट्यानंही तिच्याकडे चमकून पाहिलं.

"काय कळलंय?" दारातून दादानं विचारलं.

वहिनीनं कॉफी पुढे केली. त्यानं घेतली नाही. धाकटा खिडकीकडे सरकला. मधलीला आयुष्यभराची सवय होती 'काही नाही' म्हणायची. शब्द ओठावर आलेही होते. पण किटली टेबलात इतकी चपखल बसलेली समोर दिसत होती, की तिनं तेच सांगितलं, वळचणीपासून झुळकीपर्यंत, एका दमात. मध्ये थांबली असती तर पुन्हा सुरू झाली नसती.

दादा आधी हसला. "किटलीवरून तळं शिकवतेस मला? अगं, किटली हातभर अंतरावर, तळं मैलभर. बाबांनी जग मुद्दाम धूसर ठेवलं आणि प्रतिबिंब ठळक केलं. हाच तर त्या चित्राचा प्राण आहे! प्रतिबिंबच खरं, जग आभास. मी पिढ्यान्‌पिढ्या शिकवलंय हे."

"शिकवलंस ना. पण बाबा असं काही बोलले होते का कधी? बाबा म्हणायचे, दिसतं ते रंगव, माहीत आहे ते रंगवू नकोस."

"बाबांचं मला सांगू नकोस! त्यांच्या ईझलशेजारी मी बसायचो. तू तेव्हा वाटाणे सोलत होतीस."

"वाटाणे रंगवत होते मी," मधली म्हणाली. "सोलत वहिनी होती."

"मला का मध्ये ओढता?" वहिनी म्हणाली, पण हसू दाबत.

धाकट्याला आता राहवेना. "दादा, एक दाखवू? फ्रेमच्या आत, कॅनव्हासच्या कडेला, पातळ रंगाचा ओघळ आहे. बसवताना पाहिला होता मी. तो वर चाललाय. ओघळ कधी वर जातो का?"

"झालं! तूही तिच्या पक्षात." दादा तावातावानं पुढे आला. "ओघळ काही सांगत नाही. बाबा अर्ध्याहून जास्त काम झालं की कॅनव्हास उलटा करूनच ठेवायचे ईझलवर. उलटा केला की झाड झाड राहत नाही, घर घर राहत नाही, नुसते उजेड-अंधाराचे तुकडे दिसतात, आणि मग कुठला तुकडा खोटा आहे ते लगेच सापडतं. मी स्वतः पाहिलंय. तसंच काम करायचे ते, उलट्या चित्रावर. मग ओघळ वरही जाईल आणि..."

तो थांबला.

खोलीत कुणीही त्याला थांबवलं नव्हतं.

"उलटं करून ठेवायचे," मधली हळूच म्हणाली. "आणि आजारी पडले तेव्हा ते ईझलवरच होतं."

"आणि आपण म्हटलं, जसं आहे तसं," धाकटा म्हणाला. "तूच म्हणालास, दादा. कुठंही हात लावायचा नाही. मी फ्रेमला टांगायच्या आकड्या तशाच ठोकल्या."

दादा बाबांच्या जुन्या स्टुलावर बसला. बसला म्हणण्यापेक्षा स्टूल त्याच्याखाली आलं, एवढंच. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मधलीचा सगळा उत्साह ओसरला. तिला जिंकायचं नव्हतं. तिला फक्त दाखवायचं होतं, 'हे बघ, हे बघ' म्हणून, लहानपणी काहीही सापडलं की दाखवायची तसं. आणि आता समोर तिचा थोरला भाऊ बसला होता, ज्याचं आख्खं शिकवणं एका आकडीवर लटकलेलं होतं.

"आकाश पाण्यासारखं जड रंगवा, असं सांगायचो मी पोरांना," तो म्हणाला. "पाण्यासारखं! आणि एकालाही, एकालाही विचारावंसं वाटलं नाही की का?"

तेवढ्यात घंटा वाजली.

"आल्या," वहिनी कुजबुजली, आणि तिघांकडे असं पाहिलं की जणू घरात आग लागली आहे आणि आधी काय बाहेर काढायचं ते ठरत नाहीये. "अहो, काय करायचं?"

"कॉफी दे त्यांना," दादा म्हणाला.

पण संग्रहालयाच्या बाई कॉफीसाठी थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या थेट आवाजाच्या दिशेनं आत आल्या. धिप्पाड, हसऱ्या, खांद्याला पिशवी. एकेकाळी त्या दादाच्याच वर्गात होत्या. "सर! अहो, किती दिवसांनी. हेच ना ते? इतक्या जवळून प्रथमच बघतेय. सर, आज तेच पुन्हा ऐकायचंय मला. जड आकाशाचं. मी नोकरी लागेपर्यंत तशीच आकाशं रंगवत होते, तुमच्यामुळे."

दादा उठला. चित्रासमोर उभा राहिला. मधलीला त्याची पाठ तेवढी दिसत होती. आता हा बोलेल, तिनं ताडलं. सवयीनं बोलेल, सुंदर बोलेल, बाई मान डोलावतील, पाटी कोरली जाईल, आणि आपण किटलीकडे परत जाऊ. तिनं ब्रश घट्ट धरला होता. बोटं दुखायला लागली तेव्हा तिला ते कळलं.

"हे चित्र..." दादानं सुरुवात केली. आवाज तोच, वर्गातला. मग वाकून त्यानं छपराची वळचण पाहिली. बाईंनी प्रश्नार्थक नजरेनं वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं छताकडे.

"धाकट्या," दादा म्हणाला, "ती बाजू धर."

"कुठली?"

"अरे, तुझीच फ्रेम ना? धर, आणि फिरव. सावकाश."

दोघा भावांनी चित्र उचललं, आधी आडवं केलं, मग पुरतं फिरवलं आणि भिंतीला टेकवलं.

बाईंच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला.

वर आता आकाश होतं. त्यात जवळपास काहीच नव्हतं. बाबांनी तिथं रंग इतका पातळ पसरला होता की कॅनव्हासची वीण दिसत होती, आणि त्या विणीतूनच उजेड येत होता. त्याखाली काठ ठामपणे उभा राहिला, खोपट्याच्या छपरावर ऊन पडलं. आणि खाली सगळा भार घेऊन पाणी पसरलं होतं, खोल, हिरवंकाळं, त्यात मळलेलं खोपटं, विरघळलेली झाडं, आणि त्या सगळ्यावरून सरकन गेलेली झुळूक. इतकी वर्षं भिंतीवर लटकलेलं चित्र एकदम जमिनीवर उतरलं होतं. किंवा त्यात चालत जाता येईल अशी जमीन तरी आली होती.

"ही सकाळ आहे," वहिनी म्हणाली. "मी आजवर संध्याकाळ समजत होते."

"सर," बाई म्हणाल्या, "हे... म्हणजे... कुणाच्या लक्षात आलं?"

मधलीनं खाली पाहिलं. धाकट्यानं तिला कोपरानं ढोसलं.

"हिच्या," दादा म्हणाला. "माझ्या बहिणीच्या. ती स्थिरचित्रं करते." आणि जरा थांबून, "तिला सांगता येईल हे. मला नाही."

"दादा, तुझी आकाशं चांगली आहेत," मधली घाईघाईनं म्हणाली. "खरंच. चुकीच्या चित्रावरून आली असली तरी ती तुझी आहेत आणि चांगली आहेत. मी कधी खोटं सांगितलंय का तुला चित्राबाबत?"

"तू कधी काही सांगितलंच नाहीस चित्राबाबत."

"तू विचारलंस का कधी?"

धाकटा खो खो हसला. वहिनी त्याच्यावर डोळे वटारता वटारता स्वतःच हसली, आणि मग दादाही, आधी नाकातून, मग पोटातून. बाईंना काय चाललंय ते कळलं नाही, पण त्यांनी पिशवी खाली ठेवली, म्हणजे लवकर जाण्याचा विचार दिसत नव्हता.

मधलीनं ब्रश पुसला. रुमालाला नाही, स्वतःच्या पदराला, आणि वहिनीच्या ते लक्षात येऊनही ती काही बोलली नाही.

"आधी टेबल बघा," ती बाईंना म्हणाली. "वरची किटली आणि खालची किटली. दोन्ही सारख्या वाटतात, पण नाहीत. खालची थोडी अधिक मवाळ आहे. उजळ जरा मळलंय, काळं जरा फिकं पडलंय. आता चोचीकडे बघा..."

"थांब, थांब," दादा म्हणाला. तो स्टूल ओढून अगदी टेबलाला खेटून बसला होता आणि खिसे चाचपत होता. "चष्मा बाहेर राहिला माझा. आणतो. मी येईपर्यंत पुढे जाऊ नकोस."